पहिली गोळी

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज बाकावर जागा पुरली नाही. दोघी पायरीवर टेकल्या, आणि जगन म्हातारा शेजारच्या हरेशच्या मूर्तींच्या कारखान्यातून स्टूल मागून आणून बाहेर ठेवलेल्या अर्ध्या रंगवलेल्या गणपतीशेजारी बसला. मला उगाचच बरं वाटलं. हे असतानाचे गुरुवार असेच भरलेले असायचे. खारेपाटातली, खाडीकाठच्या गावांतली माणसं पेणला आली की आधी दवाखाना आणि मग बाजार.

ह्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. डॉ. गोपाळकृष्ण अशी पाटी अजून दारावर आहे. ती काढायला हवी असं सगळे म्हणतात, पण स्टुलावर चढून काढणार कोण? मी काही डॉक्टर नाही. लग्न होऊन आले ती औषधाच्या खिडकीत बसले, एवढीच माझी पदवी.

ह्यांची एक पद्धत होती. औषध लिहून झालं की पहिली गोळी स्वतः रोग्याच्या तळहातावर ठेवायची, माठातलं पाणी द्यायचं आणि समोर गिळायला लावायची. कारण साधं होतं. माणसं गोळ्या घरी नेतात आणि फडताळात ठेवून विसरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खारेपाटात मात्र त्याचा अर्थ असा लागला, की डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, पहिली गोळी त्यांच्या हातून पोटात गेली तरच पुढच्या लागू पडतात. हे हसायचे, आणि चालू द्यायचे.

ते गेल्यावर दवाखाना बंद झाला. माणसं सरकारी आरोग्य केंद्रात जाऊ लागली. तिथे गोळ्या फुकट आणि चांगल्या मिळतात. मग एका गुरुवारी धरमतरकडची बायजाबाई दारात उभी. सारा जन्म मिठागरात गेलेली बाई, पायांच्या भेगांत मीठ. पदराची गाठ सोडून तिने बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं.

"बाई, सरकारीतून आनल्यात. पैली तेवडी तुमच्या हातून द्या. इतकी वर्सं त्यांच्या बाजूला बसलाव, तुमच्या बी हाताला गुण लागलाच असंल."

मी दिली. मला काय जातंय? महिन्याचं नवीन पाकीट आलं की पुन्हा पहिली गोळी. बायजाबाईमागून तिच्या जावा आल्या, मग शेजारचं गाव आलं. आता गुरुवारी मी माठ भरते, बाक पुसते आणि चांगली साडी नेसते.

दुपारी सगळे गेल्यावर मान फार दुखली. हरेशच्या रंगाचा वास डोक्यात जातो.

रविवार, ९ नोव्हेंबर

कुणी नाही. काही नाही. अद्वयचा रोह्याहून फोन आला. म्हणाला, आई, इथे रोह्याजवळ वरश्याला ये कायमची, फ्लॅटला लिफ्ट आहे, दवाखान्याची खोली एका चष्मेवाल्याला भाड्याने हवीय. मी म्हटलं, गुरुवारी माणसं येतात. तो म्हणाला, गुरुवारी येतात, बाकीचे सहा दिवस काय? मुलगा कंपनीत हिशेबाला आहे, त्याला असलेच प्रश्न सुचायचे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सगळ्यांच्या शेवटी बाकावर एक मुलगी बसून राहिली. पाठीला सॅक. मला वाटलं कुणाची तरी सून. जवळ गेले तर किमया, कमळाकरची मुलगी. कमळाकर मिठागरात बायजाबाईच्याच जोडीला होता. ही लहानपणी कानात चिंचोका घालून आली होती आणि ह्यांनी तो काढेपर्यंत अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता. आता ती आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. त्या गावांतून डॉक्टर झालेली पहिलीच.

मी चहा टाकायला निघाले तर म्हणाली, काकू, आधी बोलायचंय. तिने सोमवारी दिलेल्या गोळ्या लोक गुरुवारपर्यंत खात नाहीत, एखादा गुरुवार चुकला तर आणखी आठ दिवस पदरात बांधून ठेवतात. घरी जाऊन विचारलं की सांगतात, अजून पैली झाली नाय. तिने सगळं शांतपणे सांगितलं. मलाच राग आला. म्हटलं, ती माणसं माझ्याकडे औषधाला येत नाहीत, ह्यांच्या आठवणीने येतात.

"बीपीला आठवण कळत नाही, काकू," ती म्हणाली. "माझ्या हातची गोळी त्यांना का चालत नाही तेही मला माहीत आहे. सगळ्यांनी मला चिखलात शेंबडी बघितलंय. आपल्यातल्याच पोरीच्या हाताला गुण कुठून येणार? पण तुम्ही त्यांना सांगितलंत तर ऐकतील. गुरुवार बंद करा."

मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, तुमचं बीपी कोण बघतं? मी म्हटलं, चहात साखर घेतेस ना? ती चहा न घेताच गेली. सॅक पाठीला लावताना डोळे भरले होते तिचे, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

माझं बीपी तसं किरकोळच. हे होते तेव्हा एक गोळी असायची.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गुरुवार बंद करा म्हणे. काल आलेली पोर. मी कुणाचं वाईट केलंय? पाणी देते, गोळी देते, मुलांची चौकशी करते. हे सगळं बंद केलं तर ती माणसं कुणाला सांगतील, की सून नीट बोलत नाही, की म्हशीने दूध तोडलं?

आणि मला तरी कोण सांगेल? आठवडाभरात माझ्याशी बोललेली माणसं म्हणजे दूधवाला आणि हरेश. हरेश तर गणपतीचे डोळे आखत असला की तोंडातून शब्द काढत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर. वरसे

अद्वय येऊन घेऊनच गेला. ईराच्या शाळेचं गॅदरिंग आहे, आजी हवीच असं ईरा म्हणाली म्हणे. निघताना दाराला कुलूप लावलं आणि चार पावलांवरून परत आले. कागदावर 'बाहेरगावी' असं लिहून तो दारावर चिकटवला. नंतर गाडीत लक्षात आलं, गुरुवारच्यांपैकी वाचता कुणाला येतं?

सोमवार, १ डिसेंबर. वरसे

ईराला ताप आला. सूनबाईने फोन उभा केला, त्यात डॉक्टर दिसला, ईराने जीभ दाखवली, ताप किती तो आकडाही तिनेच सांगितला. दहा मिनिटांनी औषधं दारात. डॉक्टरने पोरीच्या अंगाला हातसुद्धा लावला नाही, ना तिला विचारलं शाळेत काय शिकवतात. हे असते तर तिच्या कपाळावर हात ठेवला असता आणि आधी तिला हसवलं असतं.

पण ईरा संध्याकाळपर्यंत उठून बसली, तेही लिहायला हवं. गोळी मी तिच्या हातावर ठेवली. तिने मोबाईलमधून मान वर न करता घेतली.

घर चांगलं आहे. सगळी चांगली आहेत. अद्वयची शिफ्ट, सूनबाईची शाळा, ईराचा क्लास. मी गॅलरीत बसून खालची माणसं बघते. ती वर बघत नाहीत. एकटं राहणं मला पेणलाही आहेच, पण तिथे ते माझ्या घरात आहे. इथे दुसऱ्यांच्या घरात एकटं बसायचं म्हणजे अवघडायला होतं.

सकाळी चहाच्या वेळी चक्कर आली. लिफ्टची सवय नाही म्हणून असेल.

मंगळवार, ९ डिसेंबर

परत आले. हरेश रंगाचे हात पुसत बाहेर आला. म्हणाला, दोन्ही गुरुवारी माणसं आली होती, दुपारपर्यंत पायरीवर बसून गेली. मी सांगितलं त्यांना की रोह्याला गेल्यात, केंद्रात जा. बायजाबाई म्हणाली, येतील बाई, मी थांबते.

मला ते ऐकून गोड वाटलं. ह्या वहीत खरंखरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. गोड वाटलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

बायजाबाई आली नाही. तिची सून नम्रता आली, बसली नाही, उंबऱ्यावरूनच बोलली. शनिवारी सकाळी आई मिठागराच्या बांधावर पडली. तोंड वाकडं, उजवा हात उचलेना. प्रविणने, म्हणजे नम्रताच्या नवऱ्याने, मित्राच्या टेम्पोतून अलिबागला नेलं. जीव वाचला. हात अजून लुळाच आहे.

"पदर सोडला तर गाठीत गोळ्यांचा पाकीट," नम्रता म्हणाली. "एक बी काढलेली नव्हती. मी रोज सांगायची गो, खा आई, खा. ती म्हनं, पैली बाईंच्या हातून होऊंदे."

एवढं सांगून ती मला म्हणाली, तुमाला सांगायला आले कारन ती तितं बी तुमची चौकशी करती, बाईंना कोन बगतं म्हनून. आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकावर माणसं होतीच. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी म्हटलं, आजपासून कुणी थांबायचं नाही, गोळी हातात पडली की आपल्या हाताने खायची. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तळहात पुढे केले. जगन म्हणाला, व्हय बाई, पुढच्या टायमापासून, आजची तेवडी द्या.

मी दिल्या. ते हात तसेच ठेवून मला आत जाता आलं नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

दोन दिवस जेवण गेलं नाही. नुसतं सांगून हे थांबणार नाही. मी दार बंद केलं तरी ती पायरीवर बसतील, आणि पायरीवर बसून राहिलं की काय होतं ते कळलंच आहे. गुण माझ्या हातात आहे असं त्यांना वाटतं. आहे असं वाटतं तर तो मला दुसऱ्या कुणाला देताही यायला हवा.

सोमवारी केंद्रात जाते. जरा नाटक करावं लागेल. कॉलेजात असताना गॅदरिंगला मी बरी कामं करायचे.

सोमवार, १५ डिसेंबर

सगळं सविस्तर लिहिते.

केसपेपर काढून रांगेत बसले. पेणहून बाई आल्या म्हणून अर्धा व्हरांडा उठून उभा राहिला. तुमी कशाला रांगेत, आत जावा. मी म्हटलं, मी पेशंट आहे, माझा नंबर येईल तेव्हा जाईन. जगन होता, बायजाबाईच्या जावा होत्या. केंद्रातली खोली लहान, दार सताड उघडं, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेर सगळ्यांना दिसतं. मला तेच हवं होतं.

किमयाने मला बघून खुर्ची पुढे केली. मी मोठ्याने म्हटलं, डॉक्टर, माझं बीपी बघा आणि गोळी द्या. तिने दंडाला पट्टा बांधला. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्या हाताला बांधून बघितलं. मी मनात म्हटलं, पोरगी काम छान करतेय, हिला न सांगता नाटक कळलं.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, गोळी कधीपासून बंद आहे?"

मी म्हटलं, हे गेल्यापासून. तिने विचारलं, का? मग जे होतं ते सांगितलं. सकाळी चहाबरोबर हे माझ्या हातावर गोळी ठेवायचे. मी कधी पाकीट बघितलं नाही, नाव बघितलं नाही. ते गेल्यावर सकाळी चहा व्हायचा, पण हातावर काही पडायचं नाही. मग राहूनच गेलं.

किमया उठली. कपाट उघडून पाकीट काढलं, गोळी काढली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पाण्याचा पेला दुसऱ्या हातात दिला. तिचा हात गरम होता. मला एकदम रडू आलं. ते नाटकात नव्हतं.

गिळली. मग दाराकडे वळून म्हटलं, "ह्यांचा हात आता हिच्याकडे आहे. मी दिलाय. माझ्याकडे काही राहिलेलं नाही."

मग जगन काठी टेकत आत आला आणि किमयापुढे तळहात धरला. त्याच्यामागून बायजाबाईच्या जावा.

निघताना किमयाने बजावलं, रोज एक, चुकवायची नाही, पंधरा दिवसांनी दाखवायला या. मी हो म्हटलं. पाकीट पर्समध्ये टाकलं. नाटक उत्तम वठलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

जगन एकटा आला, वालाच्या शेंगा घेऊन. पोपटी लावायला, मडक्यात शेंगा भाजायला माणसं नाहीत तर भाजीच करा, म्हणाला. गोळी मागितली नाही. किमयाने त्या सोमवारीच दिली म्हणे. पोरीचा हात चांगला हाय बाई, हलका हाय. मी म्हटलं, मग, सांगितलं नव्हतं मी? तो पाणी प्यायला आणि गेला. बाक पुसून ठेवला होता.

गुरुवार, ८ जानेवारी

कुणी नाही. मिठागरांची कामं सुरू झाली असतील.

गुरुवार, २२ जानेवारी

आज माघी गणपती, त्यामुळे कुणी येणं शक्यच नव्हतं. हरेशकडे सकाळपासून गर्दी, ढोल, गुलाल. मी माठ भरून बसले होते. एकजण आत डोकावला. मला वाटलं आपल्याकडचा. तो हरेशचं दुकान हेच का विचारत होता.

मी जे करायला गेले होते ते झालं. सगळ्या गावांत गोळ्या वेळेवर सुरू आहेत, किमयाने फोन करून सांगितलं. फार खूश होती. पंधरा दिवस कधीच होऊन गेले, दाखवायला का आला नाहीत, गोळी घेता ना, असंही विचारलं. मी हो म्हटलं. अद्वयलाही हो म्हणते. पाकीट टेबलावर आहे, चहाच्या डब्याजवळच. रोज दिसतं. एक खाच रिकामी, बाकी सगळ्या भरलेल्या. उद्यापासून घेईन. हात काही मोडलेला नाही माझा, पण आपणच काढून आपल्याच हातावर ठेवायची म्हणजे किती एकटं वाटतं ते कुणाला सांगू? सांगितलं तर हसतील.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सकाळी डाव्या हातातून कप निसटला. ह्यांचा कप होता तो. तुकडे गोळा करताना खाली बसले, तर उठवेना. बराच वेळ तशीच बसून राहिले. फोन टेबलावर, हरेशचं रंगाचं मशीन सुरू, हाक मारून उपयोग नव्हता. बायजाबाई बांधावर अशीच पडली असेल. तिला निदान कुणी तरी बघितलं.

मग उठले. कप जुना होता, कान सैलच झाला होता त्याचा.

उद्या धरमतरला जाऊन बायजाबाईला बघून यावं म्हणते. इतके दिवस जायचं धैर्य झालं नाही, हे खरं कारण. पण आजाऱ्याला बघायला जायलाच हवं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

स्टँडवरून मिनीडोर रिक्षा मिळाली. पुढे रस्त्यापासून चालत. खाडीचा वारा, दोन्हीकडे मिठागरं, पांढरे ढीग लागायला लागलेत. एवढी वर्षं ही माणसं माझ्या बाकावर बसली आणि मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच जात होते.

बायजाबाई ओट्यावर उन्हात बसली होती. तोंड थोडं ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला बघून हसली ते अर्ध्याच तोंडाने. मी पायऱ्यांवरच बसले. काय बोलायचं ते मिनीडोरमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. म्हटलं, बायजाबाई, माझ्यामुळे झालं हे. ती म्हणाली, तुमच्यामुळं कशाला, माज्या डोस्क्यामुळं. आता नम्रता रोज सकाळी भाकरीआधी गोळी देती, नाय घेतली तर भाकरीच देत नाय. आतून नम्रता हसल्याचा आवाज आला. तिने मला बसा म्हटलं नाही, पण पाणी आणून ठेवलं.

मी पाणी प्यायले. बायजाबाई माझ्याकडे बघत राहिली. ह्यांच्यासारखीच नजर, आधी चेहरा, मग हात.

"आनि बाई, तुमाला कोन देतं?"

मी म्हटलं, कुणी कशाला द्यायला हवी, मी घेते की माझी. पर्समध्ये रुमाल शोधायला हात घातला, तर रुमालाबरोबर पाकीट बाहेर आलं. निघताना टेबलावरून कधी उचललं, मला आठवत नाही. बायजाबाईने ते डाव्या हाताने माझ्याकडून काढून घेतलं. त्यातल्या खाचा बघितल्या. वाचता येत नाही तिला, पण भरलेली खाच आणि रिकामी खाच कळतेच.

रागावली नाही. पाकीट मांडीवर दाबून धरलं, डाव्या अंगठ्याने गोळी फोडायला बराच वेळ लागला. नम्रता मदतीला पुढे आली तर तिला मानेनेच नको म्हटलं.

"हात कर गो हिकडं," ती म्हणाली. "कर, लाजू नको. गीळ माज्यासमोर."

मला तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी हात केला. तिने डाव्या हाताने गोळी ठेवली, ती माझ्या तळव्यावर दोनदा हलली. पाणी मचूळ होतं. मी गिळेपर्यंत तिने नजर हलवली नाही. गिळल्यावर म्हणाली, आ कर, बघू. हे अगदी तसंच म्हणायचे.

मग नम्रताने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. तिघी जेवलो. दुपारी उशिराची मिनीडोर पकडून परत आले. मान दुखली नाही, किंवा दुखली असेल तर माझं लक्ष नव्हतं.

घरी येऊन पर्स उघडली तर पाकीट नाही. बायजाबाईच्या मांडीवरच राहिलं. तिने ठेवून घेतलं की मी विसरले, ते काही सांगता येत नाही. हरेश म्हणाला, उद्या सकाळी मूर्ती पोचवायला गाडी तिकडेच चाललीय. तिच्यातून जाऊन घेऊन येते. उद्याची गोळी चुकवून चालणार नाही, किमयाने बजावलंय.